अन्याइतच्या मडक्याचा पहिला घोट

अन्याइतच्या दारूच्या मडक्याभोवती पिणाऱ्यांच्या अकरा लांब नळ्या होत्या आणि अजिलोंगच्या मडक्याभोवती चार. त्या चारातली एक बहिऱ्या ओकिरोरची, म्हणजे खरं तर तीनच धरायच्या. ओकिरोर अजिलोंगकडे बसायचा, कारण तिच्याकडे कोणी फारसं बोलायचं नाही आणि मग आपल्याला ऐकू येत नाही याचं त्याला वाईट वाटायचं नाही.

दोन्ही मडकी एकाच आवारात. मधे शेराचं कुंपण, कमरेएवढं. अलीकडे थोरली अजिलोंगची झोपडी, पलीकडे धाकटी अन्याइतची. नवरा दोघींत एक, एरियाकू, आणि शनिवारी, बाजाराच्या दिवशी, तोही पलीकडेच बसलेला.

"अन्याइत, आज आंबट झालीय गं," शिंपी ओलुका नळी तोंडातून काढून म्हणाला.

"तुझ्या तोंडाला लागली आणि आंबट झाली. सकाळी बायकोला काय काय बोललास, चूळ तरी भरून यायचं."

अकराच्या अकरा नळ्या हसण्याने हलल्या. अजिलोंगने आपल्या मडक्यात गरम पाणी ओतलं. आत आंबलेली नाचणी फसफसून वर आली. हेच आपण बोललो असतो, तिच्या मनात आलं, तर ओलुका म्हणाला असता, काय ही बाई, घोट घेऊ देत नाही सुखाने.

आजोनो, ही नाचणीची दारू, दोघींची सारखीच. सारखी असणारच, शिकवली कोणी? बारा वर्षांपूर्वी एरियाकूने अन्याइतला घरात आणलं तेव्हा सासूने अजिलोंगला बोलावून सांगितलं होतं, "धाकटीला तुझा हात दे." सासूला सगळं आवार तोतो म्हणायचं, आई. तोतोचा शब्द मोडायची सोय नव्हती. अजिलोंगने दाखवलं. नाचणीचं पीठ ओलं करून खड्ड्यात केळीच्या पानांत आठ दिवस पुरायचं. मग पत्र्यावर भाजायचं, मागच्या खडकावर कडक वाळवायचं, मोड आलेल्या नाचणीचं पीठ घालून मडक्यात भिजवायचं. एक गोष्ट मात्र तिने पोटात ठेवली: पत्र्याखालचा जाळ नेमका कोणत्या वासाला ओढायचा. ती तिच्या आईची होती, कोणाला द्यायची नव्हती.

अन्याइतला ती महिन्याभरात आपली आपणच सापडली. "अक्का, बघ गं," ती पळत सांगायला आली होती, "शेंगदाणा करपायच्या आधी जसा वास येतो ना, त्याच वेळी काढायचं." अजिलोंग म्हणाली, "हो का?" आणि ते 'हो का' तिला बारा वर्षं घशात टोचत राहिलं.

पण लोक पलीकडे जायचे ते आजोनोसाठी नाही. त्या भागात मडकं उघडलं की पहिला घोट मालकिणीचा. तिने सगळ्यांदेखत नळी लावायची, ओढायची, गिळायची. मगच बाकीच्यांनी नळ्या घालायच्या. मालकीण पीत नसेल तर आत काय घातलंय कोणास ठाऊक. अजिलोंगला दारूने पोटात आग व्हायची. ती तो घोट कडू काढा घेतल्यासारखा घ्यायची, तोंड वाकडं करून, आणि नळी बाजूला ठेवून द्यायची. अन्याइत डोळे मिटून ओढायची आणि बायामाणसं मडक्यात वाकून बघायची, पातळी किती खाली जाते ते. मग ती नळी बाजूला ठेवायचीच नाही. संध्याकाळपर्यंत पुरुषांच्या बरोबरीने ओढायची. अलीकडे तर वारागीची, त्या गाळलेल्या जळजळीत दारूची, छोटी बाटलीही तिच्या कमरेला असायची. तरी तिचा पाय कधी लटपटला नाही, जीभ कधी अडखळली नाही.

"हिला चढतच नाही," एरियाकू अभिमानाने सांगायचा. "मला लोळवेल ही."

कुंपणाअलीकडे अजिलोंग ते ऐकायची. वीस वर्षं ती या घरात राबली होती, पाणथळीच्या कडेचा तुकडा खणून तिने एकटीने त्याचं शेत केलं होतं. त्याबद्दल असा अभिमानाचा सूर तिला कधी ऐकू आला नव्हता.

तिच्याजवळ एकच गोष्ट होती जी पलीकडे नव्हती. तिला सगळे 'अमुगेची आई' म्हणायचे. तीन मुली, अमुगे थोरली. अन्याइतची दोन मुलं पोटातच गेली होती. मुलगा मात्र दोघींनाही नव्हता, आणि पाणथळीचा तुकडा मुलाकडेच जाणार होता. जर झालाच, तर.

मग त्या वर्षी, पेरणी आटोपल्यावर, अन्याइतचं पोट दिसायला लागलं.

कोणी काही बोललं नाही. असल्या गोष्टी बोलायच्या नसतात. उच्चारल्या की नजर लागते. विचारायचंही नसतं. बाई आपली सैल कपडे घालते आणि घर आपलं तिला चांगला घास वाढतं. तोतोने एक दिवस नाचणीच्या गोळ्यावर शेंगदाण्याच्या कुटातली भाजी वाढली आणि मोठा वाटा धाकटीपुढे सरकवला. अजिलोंगला कळायचं ते कळलं.

"आजोनो घेत जा," तोतो धाकटीला सांगायची. "दूध भरून येतं. माझ्या सातही वेळा मी प्यायले."

"घेते की तोतो, ते मला सांगायला नको."

"बारशाला मीच बोट लावणार आहे, सांगून ठेवते."

बारशाला आजी आजोनोत बोट बुडवून बाळाच्या ओठांना लावते आणि पूर्वजांची नावं घेते. ज्या नावाला बाळ बोट चोखतं ते त्याचं नाव. अमुगेच्या वेळी तोतोने तीन नावांतच उरकलं होतं. आता ती बसल्या बसल्या नावांची जुळवाजुळव करत होती, सगळी पुरुषांची.

त्यानंतर अजिलोंगने बघायला सुरुवात केली. बघत तर ती आधीपासूनच होती, पण आता तिला दुसरं काही दिसेनाच. पलीकडची चूल कधी पेटते, अन्याइत किती जेवते, किती टाकते. मांसाचा वास आला की उठून जाते. पहिल्या महिन्यांत सगळ्याच जातात. नळी सकाळीच हातात घेते. पायात चपला जात नाहीत, अनवाणी फिरते. दात घासताना रक्त येतं, थुंकी लाल दिसते. पाच महिन्यांपूर्वी नाकातूनही आलं होतं. अजिलोंगच्या डोक्यात हे सगळं जसंच्या तसं साठत गेलं. बाकी कोणी एवढं पाहत नव्हतं. एरियाकू तर आपल्या बायकोकडे नाही, तिच्या पोटाकडे बघून हसत असायचा.

"काय गं अमुगेच्या आई," बोअरिंगवर शेजारीण अगुटी म्हणाली, "यंदा धाकटीचं शेत चांगलं पिकलंय म्हणे."

"तुझ्या घागरीत बघ. भरून वाहतेय."

"राग कसला? तुला तीन आहेत की."

"राग कोणाला आलाय? पाणी वाया जातंय म्हणून सांगते."

आणि तिथेच, त्याच आठवड्यात, तिने अन्याइतला आंघोळ करताना पाहिलं. बोअरिंगमागे बायकांचा आडोसा होता. दुपारचं ऊन सरळ डोक्यावर. अन्याइतने पाठीवर पाणी घेतलं आणि ती वळली. पोट केवढं तरी, बेंबी बाहेर आलेली, पोटावर हिरव्या शिरांची जाळी. आणि त्याच्या वर खांद्याची हाडं उघडी, दंड सुकलेले, जणू वरची बाई एकीची आणि खालचं पोट दुसरीचं.

अजिलोंगने तीन पोटं वाहिली होती. ओटीतलं मूल असं बसत नाही. ते पुढे येतं, आपली जागा धरतं. हे पोट दोन्ही कुशींना ओघळलं होतं, पाण्याने भरलेल्या कातड्यासारखं.

"काय बघतेस अक्का?" अन्याइतने हसून विचारलं. तिच्या डोळ्यांतलं पांढरं शेंगदाण्याच्या तेलासारखं पिवळं होतं.

"काही नाही. साबण दे."

मूल नाही. घरी येईपर्यंत हे दोन शब्द अजिलोंगच्या पायांत नाचत होते. त्या संध्याकाळी ती दुप्पट जेवली. दुसऱ्या दिवशी तिने शेतात गाणं गुणगुणलं, मुलगी चमकून बघायला लागली. हा आनंद कसला हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिने तो तसाच ठेवला, दोन दिवस.

सांगायचं तरी कोणाला? मूल नाही म्हटलं तर मग काय आहे? आजार. आणि आजार म्हटला की पुढचा प्रश्न ठरलेला, कोणी काय घातलं? आणि सवत म्हणून सगळे आधी तिच्याकडेच बघणार. गप्प राहणं सोपंही होतं आणि शहाणपणाचंही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती खडकावर भाजलेलं पीठ पसरत होती. अन्याइत वर चढून आली. एवढ्याशा चढाला ती तीन वेळा थांबली. पिठाच्या कडेला बसली आणि नखाने खडक खरवडायला लागली.

"अक्का, एक विचारू? हसणार नाहीस ना?"

"तुझ्या विनोदांना मी कधी हसलेय?"

"तेही खरंच." ती थोडं हसली. "तुला... तिन्ही वेळा... ते हलायला कधी लागलं?"

अजिलोंगचा हात पिठावर थांबला.

"माझी दोन्ही लवकर गेली," अन्याइत घाईघाईने म्हणाली, "म्हणून मला माहीत नाही. मी मोजतेय. सहा महिने होऊन गेले, पाळी नाही. हात ठेवून बसते. काहीच नाही. तोतोला विचारलं तर म्हणते, पी आणि नीज. तू सांग. तुझं तर तीनदा झालंय. तुला अख्खं गाव अमुगेची आई म्हणतं. मला सगळे अन्याइत म्हणतात. ओलुकाच्या शेंबड्या पोरापासून एरियाकूच्या काकापर्यंत, अन्याइत, अन्याइत. मी पलीकडून ऐकत असते, अमुगेच्या आई, पाणी दे, अमुगेच्या आई, इकडे ये. मला वाटतं जाऊन तुझं ते नाव ओरबाडून घ्यावं."

अजिलोंगने तिच्याकडे पाहिलं. बारा वर्षं ती कुंपणाअलीकडून बघत होती. पलीकडूनही कोणी बघत असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला पहिल्यांदा राग आला. एवढं सगळं असून हिला माझं हेही हवं होतं? मग त्या रागाचं काय करावं ते तिला कळेना.

"चौथ्यात," ती म्हणाली. "फार तर पाचव्यात. मासोळी वळल्यासारखं."

अन्याइतने पोटावर हात ठेवला.

"ऊठ," अजिलोंग म्हणाली. "तुझे डोळे पिवळे झालेत. हे मूल नाही."

"तुला तसं हवंय म्हणून म्हणतेस."

"हवं होतं. दोन दिवस हवं होतं. आता ऊठ, उन्हं उतरायच्या आत दवाखाना गाठायचाय. पीठ राहू दे. पाखरांनी खाल्लं तर खाऊ दे."

एरियाकूने मोटरसायकलवाल्याला हाक मारली. मधे अन्याइत, मागे अजिलोंग, आणि नवरा सायकलवर मागून. दवाखान्यात सिस्टर अमोंगिन होत्या, पन्नाशीच्या, चष्मा दोरीने बांधलेला. त्यांनी पोटावर बोटं वाजवून पाहिली, पापणी खाली ओढली, पाय दाबला. पायात बोटाचा खळगा तसाच राहिला.

"किती दिवस सूज?" त्यांनी एरियाकूला विचारलं.

"झाले काही... पेरणीच्या सुमारास?"

"पेरणीच्या आधी," अजिलोंग म्हणाली. "आधी पाय. चपला जाईनात. पोट नंतर, तीन आठवड्यांनी."

"जेवण?"

"चांगलं जेवते की," एरियाकू म्हणाला.

"चार घास. मांस टाकलंय. सकाळी उलटी करते, न्याहारीच्या आधी. मग नळी लावते, मग हात थरथरायचे थांबतात."

अन्याइतने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "तुला हात थरथरतात तेही दिसलं?"

"हिरड्यांतून रक्त येतं," अजिलोंग पुढे म्हणाली. "नाकातून एकदा. पाच महिन्यांपूर्वी. बाटली कमरेला आहे ती गेल्या नाचणीच्या कापणीपासून. आधी आठवड्याला एक होती, आता दोन दिवसांना."

सिस्टर लिहायच्या थांबल्या. "तुम्ही बहीण का हिची?"

"सवत."

सिस्टरनी चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं. "नवऱ्याला एक माहीत नाही आणि सवतीला सगळं पाठ," त्या म्हणाल्या. "बरं आहे, कोणाला तरी माहीत होतं."

मग त्यांनी सांगितलं. यकृत. दारूने ते कडक होत गेलंय, त्यामुळे पोटात पाणी साठतंय. पाळी थांबली तीही त्यानेच. मोठ्या दवाखान्यात जाऊन पाणी काढावं लागेल, रक्त तपासावं लागेल.

"पण मला चढत नाही," अन्याइत म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज लहान झाला होता. "मी यांच्याइतकंच पिते. यांना काही झालं नाही. मी तर यांना लोळवते."

"आजोनो तूच करतेस ना? तेवढंच आंबवण मोठ्या मडक्यात घातलंस आणि तेवढंच लहान मडक्यात घातलंस, तर कोणती जहाल होईल?"

"लहान मडक्यातली. पाणी कमी."

"बाईच्या अंगात पुरुषापेक्षा पाणी कमी असतं. त्याचा घोट आणि तुझा घोट बाहेर सारखा, आत गेल्यावर सारखा राहत नाही. तुझं यकृत त्याच्या आधी, त्याच्याहून कमी दारूत खराब होतं. आणि चढत नाही ही फुशारकीची गोष्ट नाही. अंगाला सवय झालीय, एवढंच. त्यामुळे थांबायचं कुठे ते तुला कळलंच नाही."

"सासू म्हणाली होती, दुधासाठी..."

"माझीही म्हणायची. दूध येत नाही त्याने. आणि पोटात खरंच मूल असतं तर त्याच्यापर्यंतही गेली असती." त्यांनी कागद फाडून एरियाकूकडे दिला. "घरी एकदम बंद करू नकोस. अंग झटके देईल. मोठ्या दवाखान्यात त्यांच्या देखरेखीखाली बंद कर. मग आयुष्यात एक थेंब नाही. बंद केलीस तर बरी होशीलच असं मी छातीठोक सांगत नाही. नाही केलीस तर काय होईल ते सांगू शकते."

अन्याइत मोठ्या दवाखान्यात सतरा दिवस होती. परत आली ती निम्मी होऊन. लुगडं अंगाला दोन वेढे जास्त घेत होतं. तोतो दारातच बसली होती. तिने धाकटीच्या सपाट झालेल्या पोटाकडे पाहिलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. "मीच वाढत होते," एवढंच म्हणाली. मग तिने अजिलोंगकडे पाहिलं, आणि त्या नजरेत संशय होता. गावात तोवर बोलणं सुरू झालं होतंच. बोअरिंगवर अगुटी घागर भरता भरता म्हणायची, यकृत म्हणे, आणि सगळ्या बायका शेराच्या कुंपणाकडे बघायच्या.

शनिवार आला. अन्याइतने मडकं लावलं होतं. तिला येत होतं तेवढं एकच काम. ओलुका आला, बाकीचे आले, आपापल्या नळ्या घेऊन गोल बसले. तिने गरम पाणी ओतलं. फेस वर आला. आणि ती नुसती बसून राहिली, हात मांडीवर.

कोणी नळी घातली नाही.

"घे की," ओलुका म्हणाला. "पहिला तुझा."

"मला बंद केलीय डॉक्टरांनी."

"एक घोट तर. रीत म्हणून."

"एकावर मी कधी थांबलेय का, ओलुका?"

माणसं चुळबुळली. मालकिणीने न चाखलेलं मडकं, तेही जिच्या पोटात गावाच्या मते कोणीतरी काहीतरी घातलंय तिच्या घरचं. एकजण नळी पुसून उठायला लागला. अन्याइतचा हात मांडीवरून उठला. तिची जुनी नळी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. तिने ती घेतली. टोकाची गाळणी झटकली.

अजिलोंगला कुंपणाअलीकडून सगळं दिसत होतं. तिला हे दिसणारच. ती आपल्या मडक्यापासून उठली. शेराच्या फांद्या बाजूला करून, बारा वर्षांत पहिल्यांदाच, बाजाराच्या दिवशी पलीकडे आली. अन्याइतच्या हातातून तिने नळी काढून घेतली.

"बघा रे," ओलुका हळूच म्हणाला. "सवतीच्या मडक्याला सवत."

"हो," अजिलोंग म्हणाली. "विष असेल तर मीच घातलेलं असणार ना? मग मलाच आधी पिऊ दे."

तिने नळी बुडवली आणि ओढली. एक मोठा घोट. सगळ्यांना घशाची घाटी हललेली दिसेल इतका. पोटात आग उतरली. तिने तोंड वाकडं केलं नाही. दुसरा घेतला. दारातून तोतो बघत होती. आणि ती चव तिला ओळखीची होती. नेमक्या त्याच वासाला जाळ ओढलेला, करपायच्या आधी. आपल्यापेक्षा एक कण चांगली. हे तिला तेव्हा, सगळ्यांदेखत, गिळावं लागलं.

"चांगली आहे," ती म्हणाली.

नळ्या एकेक करून मडक्यात गेल्या. अजिलोंगने अन्याइतची नळी उलटी करून झटकली आणि बगलेत मारून बरोबर नेली. ती आता तिच्याकडेच राहणार होती.

आपल्या जागी बसून ती ऐकत राहिली. तिने मनाशी एक धरून ठेवलं होतं, कोणाला सांगितलं नव्हतं. दारू गेली की अन्याइतची जीभही सुकेल. तेवढं तरी.

"नळीशिवाय कशी दिसतेस माहितीय का?" पलीकडे ओलुका विचारत होता. "बकरी विकून आलेल्या माणसासारखी."

"आणि तू कसा दिसतोस सांगू? आज पहिल्यांदा शुद्धीवर राहून बघतेय तुला. तुझ्या बायकोची इतकी वर्षं मला कीव यायला हवी होती."

हसणं उसळलं, आधीपेक्षा मोठं. अजिलोंगने आपल्या मडक्याकडे पाहिलं. तीन नळ्या. चौथी जागा रिकामी. तिने मान उंच केली. शेराच्या पलीकडे, अगदी अन्याइतच्या गुडघ्याशी, बहिरा ओकिरोर बसला होता आणि एक शब्द ऐकू येत नसताना मनापासून हसत होता.

"अक्का," अन्याइत तिकडून म्हणाली, "पुढच्या शनिवारीही येशील ना?"

"येईन. दर शनिवारी येईन," अजिलोंग म्हणाली. "पण आधी माझा ओकिरोर परत दे."